बंद खोलीचे तीन सिद्धान्त

“हा ‘समजा’ म्हणाला की पुढचं ऐकत बसू नकोस, आधी गॅस बंद आहे का बघ,” असं नणंदेने लग्नाआधीच बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. बहिणी भावाबद्दल असं बोलतातच, असं तिला वाटलं.

नवऱ्याचं काम ताऱ्यांचं, पण आकाशातल्या नव्हे, कागदावरच्या. मोठा तारा स्वतःच्याच वजनाने कोसळला की त्याचं कृष्णविवर होतं, असं सगळे म्हणतात. याचं म्हणणं, बाहेरून हुबेहूब तसंच पण आत भलतंच काही असलेला एखादा विचित्र ताराही असू शकतो. असला तारा कुणी पाहिलेला नाही. समीकरणांची मात्र ना नाही, आणि त्या ‘ना नाही’वर घर चालत होतं.

त्या दिवशी दोन वर्षांच्या पिटुकलीला त्याच्यावर सोपवून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. परत आली तेव्हा दाढ गेली होती, अर्धा जबडा बधिर होता आणि आतल्या खोलीच्या दारापुढे नवरा, शेजारच्या काकू आणि एक सुतार उभे होते.

“घाबरू नकोस,” नवरा म्हणाला. त्यामुळे ती घाबरली.

वाऱ्याने दार आपटलं, आतली खिट्टी पडली, पिटुकली आत अडकली. हाका मारून झाल्या, उत्तर नाही.

“रडतेय का?”

“अजिबात नाही. बाहेरून सगळं स्थिर आहे. म्हणजे तीन शक्यता. ती झोपलीय, काहीतरी खातेय, नाहीतर रुसलीय. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसणार.”

“रुसलेलं पोर एवढं गप्प नसतं,” काकू म्हणाल्या. “ती खातेय. आमच्या धाकट्याने असाच गुपचूप अर्धा साबण संपवला होता.”

“साबण चालेल,” नवरा खूश झाला. “समजा, साबण आहे...”

तिचा संताप काठोकाठ भरला होता, तोंड मात्र निम्मंच चालत होतं. “दार फोडा,” ती कशीबशी म्हणाली.

“फोडू नये, ताई. पोर दारामागेच बसली असली तर?” सुतार म्हणाला. “बिजागऱ्या सोडवतो, दार अलगद अलीकडे घेऊ.”

स्क्रू गंजलेले होते. ती फटीला डोळा लावून बसली. तेवढ्यात नवऱ्याने रुसण्याची शक्यता बाद केली आणि साबणाची बळकट केली. शेवटी दार निघालं.

खोलीत कुणी नव्हतं. पलंगाखाली नव्हतं, कपाटात नव्हतं, पडद्यामागेही नव्हतं. ती पुन्हा पलंगाखाली वाकली, तोच फोन वाजला. नणंद होती.

“अगं, ही जेवली माझ्याकडे. केव्हा नेताय?”

“तुमच्याकडे?”

“त्याला सांगून आणलंय. ‘नेते रे हिला’ म्हटलं, तर ‘हं’ म्हणाला.”

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “कशाला तरी ‘हं’ म्हणालो होतो खरा,” तो म्हणाला.

“ती आत आहे की नाही, हे बघितलंच नव्हतंस?”

“सिद्धान्त तिन्ही बरोबर होते,” तो दुखावल्या आवाजात म्हणाला. “फक्त मूल नव्हतं.”

यावर तिने जे सुनावलं ते बधिर ओठांतून अर्धंमुर्धंच बाहेर आलं, तरी काकू नीट ऐकायला मिळावं म्हणून खाली बसल्या. ती स्वतःच धावणार होती, पण सुताराने अडवलं. “दार पलीकडून धरायला माणूस लागेल, ताई. साहेब नकोत.” काकूंचे तर गुडघे दुखत होते.

“जा, घेऊन ये तिला,” ती नवऱ्याला म्हणाली. “काही मांडू नकोस. नुसती घेऊन ये.”

नणंदेचं घर पलीकडच्याच गल्लीत आहे. दार बसलं, सुतार चहा पिऊन गेला, काकूही गेल्या. मग नणंदेचा पुन्हा फोन. “पोचले ना दोघं? केव्हाच निघाले इथून.”

ती चप्पल पायात सरकवून निघालीच आहे. तुम्हाला तिचं एवढंच सांगणं आहे, की तुमच्या रस्त्यात कुणी चष्मेवाला भिंतीवर बोटाने गोल काढत उभा दिसला, तर त्याला काही विचारू नका, तो सांगत बसेल. त्याचा दुसरा हात बघा. त्या हाताला पिवळ्या फ्रॉकची मुलगी आहे ना, तेवढं जवळ जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून कळवा.