नमुना क्रमांक एक्केचाळीस

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मसुदाताईंच्या लक्षात आलं, की टेबलावर ठेवलेली पिवळी फाइल जागेवर नाही. त्यांनी खण उघडून पाहिला, कपाट पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग शिपाईकाकांना हाक मारली.

"काका, इथली पिवळी फाइल कुठंय?"

"नेली की सहीला. राष्ट्राध्यक्षांकडं."

"सहीला? कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वर लिहिलंय ना 'युद्धाची घोषणा'. म्हटलं, असल्या कामात आपल्यामुळं उशीर नको."

ताई मटकन खुर्चीत बसल्या.

विधी खात्यात त्यांची सव्वीस वर्षं सरकारी मसुदे लिहिण्यात गेली होती, म्हणून सगळं सचिवालय त्यांना मसुदाताईच म्हणे. खात्याची जुनी नमुना-पुस्तिका नव्याने लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आणीबाणीचा नमुना झाला, राजीनाम्याचा झाला, आणि काल दुपारी नमुना क्रमांक एक्केचाळीस, म्हणजे युद्धाची घोषणा, लिहून झाली. आता नमुन्यात रिकाम्या जागा सोडायच्या असतात. पण रिकाम्या जागा ताईंच्या डोळ्यांना खुपत. म्हणून त्यांनी देशाच्या जागी शेजारचा देश घातला, तारखेच्या जागी आजची तारीख घातली, आणि 'संसदेचा ठराव क्रमांक' याच्यापुढे सुचला तो आकडा टाकला. बारा. फक्त 'नमुना' हा शब्द वर लिहायचा राहिला. तो त्या सकाळी लाल शाईने लिहिणार होत्या.

त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि त्याच शेजारच्या सीमेवरच्या चौकीत होता. शनिवारी तो सुट्टीवर घरी यायचा होता.

ताई धावतच उपसचिवांच्या खोलीत गेल्या. सगळं ऐकून उपसचिवांनी पंख्याकडे पाहिलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "घटनेत या गोष्टीची सोय आहे. युद्ध पुकारणं कुणा एकाच्या हातात ठेवलेलंच नाही. ठराव कोण करणार? संसद. सल्ला कोण देणार? मंत्रिमंडळ. मग सही राष्ट्राध्यक्षांची आणि सैन्य हलवायचा हुकूम संरक्षण खात्याचा. एका सहीनं काय होतंय?"

"साहेब, सही सगळ्यात शेवटी असते ना? ती झालेली दिसली, की आधीचं सगळं झालंय असंच प्रत्येकजण धरून चालणार."

उपसचिवांनी पंख्यावरची नजर काढली. "हो की," ते म्हणाले, आणि टोपी शोधायला लागले.

राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत खाजगी सचिव अगदी खुशीत होते. "सही झाली, ताई! तुमचा मसुदा म्हणजे साहेब डोळे मिटून सही करतात. आज मात्र सही झाल्यावर मोठ्यानं वाचला. 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' फार आवडलं त्यांना."

"अहो, पण युद्ध करायचं की नाही, हे विचारलं नाही त्यांनी?"

"ते कशाला विचारतील? ते मंत्रिमंडळानं ठरवायचं. साहेबांकडं आलं म्हणजे ठरलेलंच असणार."

फाइल मंत्रिमंडळ कचेरीत गेली होती. ताई आणि उपसचिव तिथे पोचले. तिथल्या अधिकारी बाईंनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही, इतकी तिथे धांदल होती. "राष्ट्राध्यक्षांची सही बघितली, म्हणजे संसदेनं ठराव केला असणारच. आम्हालाच कसा ठाऊक नाही म्हणून आमचे साहेब रागावलेत. अज्ञान दिसायला नको, म्हणून ताबडतोब प्रती पाठवून दिल्या. तुम्हीच तर खाली यादी दिलीय."

यादी ताईंनीच दिली होती. प्रत माहितीसाठी : संरक्षण खातं, संसद सचिवालय, संबंधित देशाचा दूतावास. ताईंच्या कामात कसूर म्हणून नसे.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. मुलगा होता.

"आई, शनिवारचं रद्द. सगळ्यांच्या सुट्ट्या थांबवल्यात. काहीतरी मोठं आहे, पण तुला सांगता येणार नाही."

"हुकूम आलाय का रे पुढचा?"

"नाही. संरक्षण खातं म्हणतंय, संसदेचा कागद हातात येईपर्यंत जागचं हलायचं नाही. पण तुला कसं कळलं, की..."

"नीट जेव," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला आणि तशाच जिना उतरू लागल्या. उपसचिव मागून दोन-दोन पायऱ्या उतरत होते.

संसद सचिवालयात एका लांबट खोलीत नोंदवहीवाले बसत. गेली अनेक वर्षं संसदेत मंजूर झालेला प्रत्येक ठराव ते स्वतःच्या हाताने वहीत चढवीत, आणि वहीत नाही ते जगात नाही, असं त्यांचं मत होतं. सचिवालयात सगळे त्यांना चिकट म्हणत. ते चष्म्याच्या वरून ताईंकडे पाहत म्हणाले, "बरं झालं आलात. हा कागद तुमचाच ना? यात घोळ आहे."

"आहे, आहे!" ताई जवळजवळ ओरडल्याच.

"ठराव क्रमांक बारा म्हणता. मी वही काढली. बारा क्रमांक उपाहारगृहाच्या खुर्च्यांचा आहे. जुन्या मोडक्या खुर्च्या काढून नव्या घ्याव्यात. एकमतानं मंजूर." त्यांनी वही उलटी फिरवून दाखवली. "संसदेनं खुर्च्या मंजूर केल्यात, बाई. युद्ध नाही."

"मग आता?"

"आता काय? मी लाल शेरा मारून त्याच्या प्रती परत पाठवल्यात. राष्ट्राध्यक्षांना, मंत्रिमंडळाला आणि संरक्षण खात्याला. ठरावाशिवाय घोषणा ग्राह्य नाही. अर्ध्या तासापूर्वीच गेल्यात."

उपसचिवांनी पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. इतकी वर्षं या माणसाने शेरे मारून परत पाठवलेल्या प्रत्येक फाइलीसाठी त्यांनी त्याला मनात शिव्या घातल्या होत्या. नोंदवहीवाल्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी हात सोडवून घेतला आणि शाई वाळलीय का ते पाहिलं.

चार वाजेपर्यंत राष्ट्राध्यक्षांनी सही मागे घेतली. मंत्रिमंडळाने आपण असा सल्ला दिलाच नव्हता असं कळवलं, ते खरंच होतं. चौकीवरच्या सुट्ट्याही पूर्ववत झाल्या. ताईंच्या जिवात जीव आला. उरली फक्त एक प्रत. दूतावासातली.

ती आणायला ताई एकट्याच गेल्या. दोन्ही देशांची भाषा एकच, कायदेही बरेचसे सारखे, त्यामुळे दूतावासातले टपाल पाहणारे गृहस्थ त्यांना आपल्याच खात्यातले वाटले. तशीच बाह्यांवर शाई, तसाच थंड झालेला चहा.

"या, बसा," ते म्हणाले. "सुरेख लिहिलंय हो. पण मी पुढं पाठवलं नाही. आमच्याकडंही संसदेचा ठराव जोडलेला नसला, तर आम्ही युद्ध स्वीकारत नाही."

"फार उपकार झाले. चुकून आलं ते. परत न्यायला आलेय."

"न्या की." गृहस्थ जरा घुटमळले. "फक्त एक विनंती आहे. आमचंही एक तुमच्याकडं आहे."

"आमच्याकडं? काय?"

"युद्ध. तीन वर्षं झाली. आम्हीही तेव्हा नमुना-पुस्तिका लिहीत होतो." त्यांचे कान लाल झाले. "परत मागायला सात पत्रं पाठवली. प्रत्येकाला उत्तर आलं, आपले पत्र मिळाले, योग्य कार्यवाही चालू आहे. दर वेळी मी ते पुन्हा पुन्हा वाचायचो. म्हटलं, ही कार्यवाही म्हणजे नेमकं काय चाललंय?"

ताईंनी तिथूनच शिपाईकाकांना फोन लावला. काकांनी प्रलंबित फायलींचं कपाट उपसलं. अर्ध्या तासाने ते स्वतःच लिफाफा घेऊन हजर झाले. लिफाफ्यावर उपसचिवांच्या अक्षरात शेरा होता : 'विषय कोणत्या खात्याचा हे ठरेपर्यंत राखून ठेवावे.'

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही आमच्याशी लढत होतात?" शिपाईकाकांनी विचारलं.

"तसं म्हणायला हरकत नाही."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

गृहस्थांनी लिफाफा दोन्ही हातांनी घेतला, आत पाहिलं आणि सावकाश श्वास सोडला. मग सगळ्यांसाठी गरम चहा मागवला. पोच मात्र दोन्हीकडून हवी होती. ताईंनी कागद ओढला आणि भराभर लिहिलं : 'उभय देशांतील शत्रूत्वाचे कागद आज समक्ष परत मिळाले.'

गृहस्थांनी वाचलं, आणि पेनाचं टोक एका अक्षरावर अलगद टेकवलं. "ताई, राग मानू नका. शत्रू दीर्घ असतो. शत्रुत्व ऱ्हस्व."

ताई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. हसता हसता त्यांनी अक्षर ऱ्हस्व केलं. खाडाखोड झाली, की शेजारी लिहिणाऱ्याची सही लागते, तीही केली. सकाळपासून या प्रकरणात झालेल्या सह्यांमध्ये ती एकच अशी होती, जी ज्याचा अधिकार त्यानेच, वाचून केली होती.