लाकूड काय म्हनस?

आमच्या समोरच्या घराची दर्शनी भिंत त्या उन्हाळ्यात गोधडीसारखी दिसत होती. दाराच्या सागवानी चौकटीला लागून एक चौकोन पिवडीचा, त्याखाली गेरूचा, पलीकडे निळीचा, आणि वर मोरचूद घातलेल्या हिरवट चुन्याचा. या सगळ्यासमोर कमरेवर हात ठेवून घराचे मालक दगाजीआबा उभे. रस्त्याने कोणीही जावो, आबा त्याला हटकायचे, चौकटीकडे बोट करायचे आणि विचारायचे, "लाकूड काय म्हनस?"

मी तेव्हा नंदुरबारच्या स्टेशनात पार्सलबाबू होतो आणि त्या गल्लीत नवा होतो. पहिल्या दिवशी मी सरळ सांगितलं की लाकूड गप्प आहे. आबांनी माझ्याकडे कीव करावी तसं पाहिलं. दिवसभर इंजिनाच्या शिट्ट्या ऐकून माणसाचे कान जातात, असं त्यांनी रज्जाक मिस्त्रीला माझ्यादेखत सांगितलं.

कळसाडी गावची शेती बटाईने देऊन आबा शहरात आले होते. घर त्यांनी हौसेने बांधलं होतं. चौकटीचा साग नवापूरच्या जंगलातला, त्यावर दोन्ही बाजूंना पोपट कोरलेले. वर्षानुवर्षं जवसाचं तेल पिऊन ते लाकूड गूळ उकळावा तसं काळपट तांबडं झालेलं. अशा लाकडाशेजारी भिंत कोणत्या रंगाची असावी, हा आबांचा प्रश्न. दुसरं महायुद्ध सुरू होतं, तेलरंग मिळत नव्हते, म्हणून चुन्यातच जे मिसळेल ते मिसळायचं. चुना ओला असताना एक रंग दाखवतो आणि वाळला की दुसराच निघतो. त्यामुळे आबा रोज संध्याकाळी खूश आणि रोज सकाळी हताश.

रज्जाक मिस्त्री बिचारा बादली घेऊन यायचा, एक चौकोन मारायचा आणि चहा पिऊन जायचा. घर रंगवायला घेतलंय की भिंतीला खरूज आणायची आहे, असं तो मला विचारायचा. एकदा तर आबांनी लुगडी विकायला आलेल्या फेरीवाल्याला थांबवून त्याची सगळी लुगडी एकेक करून चौकटीला टांगायला लावली. गल्लीतल्या बायका घासाघीस करायला जमल्या, तर आबा त्यांना बाजूला सारून म्हणाले की लुगडं कोणाला पाहिजे, रंग पाहायचाय.

मला सगळ्यात मजा वाटायची ती निवाडा करायच्या पद्धतीची. आम्हा सगळ्यांची मतं घेऊन झाली की आबा आतून भागामावशींना, म्हणजे आपल्या बायकोला, हाताला धरून आणायचे. आडाशेजारी खाट टाकलेली असायची, तिच्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "बोट दाखाड वं, कोनता चांगला?" साठीची बाई नव्या नवरीसारखी अंगणात बसून बोट दाखवते, आणि ती दाखवील तो रंग खरा. गल्ली हसून हसून मरायची. हिरवट रंग सगळ्यांना इतका आवडला होता की रज्जाकने पूर्ण भिंतीचा चुना भिजवला. मावशींचं बोट जरा अडखळलं, तेवढ्यावर आबांनी तो चौकोनच खरवडून काढायला लावला. बायकोच्या इतकं मुठीत राहिलेला नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मधे एकदा मावशींच्या कपाळाला मोठं टेंगूळ आलं. आडावर पाय घसरला म्हणाल्या. आबांनी दुसऱ्याच दिवशी आणखी दोन चौकोन मारून घेतले, आणि आम्हाला वाटलं की या माणसाला बायकोपेक्षा भिंतीची काळजी जास्त आहे.

मग एका सकाळी रज्जाकने झगझगीत पिवळा चौकोन मारला. पिवडी इतकी ओतली होती की पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. त्याच्याशेजारी ती काळी चौकट रस्त्याच्या पार टोकावरून दिसत होती. आबा उत्साहाने मावशींना घेऊन आले. अंगणात मी, ते दोघं आणि रज्जाक एवढेच होतो. आबांनी विचारलं. मावशींनी बोट उचललं आणि ठामपणे दाखवलं. "हाऊच. भलता चांगला दिसस," म्हणाल्या.

बोट निंबाच्या झाडाकडे होतं. भिंत त्यांच्या उजव्या हाताला होती.

रज्जाकने मान खाली घातली. आबा त्या बोटाकडे पाहून म्हणाले, "हां, हाऊच. रज्जाक, लाव सगळीकडे."

मी काही विचारलं नव्हतं. पण फाटकापर्यंत पोचवायला आले तेव्हा आबांनीच सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरने वर्षापूर्वीच सांगितलं होतं की डोळ्याची नस सुकत चालली आहे, इलाज नाही. आधी तिला दार आणि भिंत वेगवेगळी दिसेनाशी झाली. म्हणून हा रंगांचा खटाटोप, निदान दार तरी सापडावं. "तिले आते काहीच दिसत नही, बाबूजी," आबा म्हणाले. "मन्हं मन राखाकरता बोली ऱ्हायनी. हिरामणले समजनं त तो सुरतले ली जाई. आठे तिले आड ठाऊक शे, चूल ठाऊक शे. तठे ती कोणाना हात धरी?"

हिरामण त्यांचा मुलगा, सुरतेच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. आईचे डोळे अधू होतायत हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो येणार होता.

भिंत रंगली. आता तरी आबा गप्प बसतील असं गल्लीला वाटलं, पण त्यांचं बोलणं दुप्पट वाढलं. मावशी आडावर गेल्या की हे चौकटीत उभे राहून मोठ्याने सुरू करायचे. पिवळा कसा खुलला, साग कसा उठून दिसतो, पोपट कसे बोलतील आता. मावशी घागर घेऊन त्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत यायच्या. शेजारपाजारच्यांनी कपाळाला हात लावला. मी तोंड मिटून होतो.

हिरामण आला. दोन दिवस त्याने बापाची ही बडबड ऐकली, आणि त्याचं लक्ष आईकडे गेलंच नाही. जायला निघाला तेव्हा मी त्यांच्या अंगणातच होतो. डोळे दाखवायला तू एकटीच चल म्हणून त्याने आईच्या मागे लकडा लावला. मावशी म्हणाल्या, "मी गऊ त हाऊ येडा भितले तोंड लाई मरी जाई. माले आठेच ऱ्हाऊ दे." हिरामणला ते पटलं. असल्या माणसाला सुरतेच्या दोन खोल्यांत नेणं त्यालाही जमण्यासारखं नव्हतं. तो फाटकाशी आईच्या पाया पडला. बापाकडे वळून फक्त म्हणाला, "चालनू मी. भित सांभाळा."

आबा "हां" म्हणाले.

टांगा वळला. आबांचा चेहरा मी पाहिला, आणि असं वाटलं की या माणसाने आता कुठेतरी कोपऱ्यात बसून पोटभर रडून घ्यावं. पण मावशी फाटकाशी एकट्या उभ्या होत्या, अंदाज घेत. आबा जवळजवळ धावत चौकटीत गेले आणि बोलू लागले. आवाज फाटत होता, शब्द एकावर एक पडत होते, नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं. तरी पिवळ्या रंगाचं कौतुक त्यांनी थांबवलं नाही. मावशी अर्ध्या अंगणात होत्या.