फळ्यासकट पिवळा

विक्रीप्रमुखांनी वर्गात पाऊल टाकलं आणि ते दारातच थबकले. चारही भिंती लख्ख पिवळ्या झाल्या होत्या. फळ्यासकट.

रंगाच्या कंपनीने सरकारी शाळा सुधारायचं मनावर घेतलं होतं. ही नमुन्याची शाळा आज सचिवसाहेबांना आवडली, तर राज्यभरच्या शाळांचा करार कंपनीशी होणार होता. नाही आवडली, तर विक्रीप्रमुखांची खुर्ची जाणार, हे मालकांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. मालक गोड बोलू लागले की ऑफिसातल्या भल्याभल्यांना देव आठवतो.

"अहो मिस्त्री, फळा कुठे गेला?"

"आहे की तिथंच," रंगाऱ्यांचा मिस्त्री म्हणाला. "भिंतीवरच तर रंगवलेला होता. तुम्हीच म्हणालात, इंचभरही जुनं दिसायला नको."

"मग मारा परत काळा! पटकन!"

"काळा आपली कंपनी बनवत नाही, साहेब. दुसऱ्या कंपनीचा डबा आणू?"

विक्रीप्रमुखांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. शाळेच्या बाई पिवळ्या भिंतीवर खडू ओढून पाहत होत्या, पण रेघ काही उमटेना. उमटणार कशी? कसलाच डाग न धरणारा हा कंपनीचा सर्वांत भारी रंग होता. आपल्या मालाच्या गुणाने विक्रेत्याला घाम फुटावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"बाई, काहीतरी करा हो. पाया पडतो तुमच्या."

"नंतर पडा. आधी बाजूला व्हा, मुलांना दिसत नाही."

सचिवसाहेब आले आणि थेट मागच्या बाकावर बसले. "चालू द्या, बाई. भागाकार घ्या."

विक्रीप्रमुखांनी डोळे गच्च मिटले. बाईंनी मात्र सगळ्या वर्गाला उभं केलं आणि चार-चारांचे गट करायला सांगितले. धावाधाव झाली, ढकलाढकली झाली, आणि शेवटी एक मुलगा एकटाच मध्ये उरला.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"बाकी!" वर्ग ओरडला.

"बाई, दर वेळी मीच का बाकी?" तो रडकुंडीला आला.

साहेब खळखळून हसले. विक्रीप्रमुखांनी एक डोळा उघडला.

"फळ्याला हात न लावता भागाकार! बाई, हे राज्यातल्या सगळ्या शिक्षकांना शिकवा. आजच माझ्याबरोबर मुख्यालयात चला." साहेबांनी विक्रीप्रमुखांच्या हातातला करार पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"आणि माझी चौथी?" बाई म्हणाल्या. "इथे मी एकटी आहे. बदली शिक्षक मिळायला वर्ष जातं. पोरांना वाऱ्यावर सोडून मी यायची नाही."

साहेबांचं पेन अधांतरी थांबलं. आता ते पुन्हा खिशात जाणार, असं विक्रीप्रमुखांना वाटलं आणि त्यांचा धीरच सुटला.

"शिक्षक आम्ही देऊ!" ते जवळजवळ किंचाळले.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... मी आहे ना!"

"शिक्षण काय तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"गणिताचा पदवीधर आहे," ते अभिमानाने सांगून बसले, आणि मग त्यांनी जीभ चावली. तोवर सही झाली होती.

गाडी बाईंना घेऊन वळते न वळते तोच मालकांचा फोन आला. "शाबास! मैदान मारलंत! परत कधी येताय?"

विक्रीप्रमुखांनी वर्गाकडे पाहिलं. सगळा वर्ग त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"चौथी पास झाली की येतो," ते म्हणाले.