किलेवाल्याचा विक्रम आणि माझी मिशी

देवासात 'किलेवाला' माझ्याइतका चांगला खेळणारा माणूस नाही. ही बढाई नाही, माहिती आहे! शाळेत असताना स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात ह्या खेळापायी मी तीन छत्र्या आणि एक दप्तर विसरलो आहे. एक दांडा, दोन बटणं, तीन जीव. शिपायाने जळत्या किल्ल्यावर उड्या मारत चढायचं आणि माथ्यावरच्या एकडोळ्या राक्षसाला गोळ्या घालायच्या. बस! मध्ये थांबायची सोय नाही. मेलात की पुन्हा पायथ्यापासून! आमची उर्वी मोबाइलवर दिवसभर कसल्या कसल्या लढाया जिंकते. हिला किलेवाला दिला, तर दुसऱ्याच बुरुजावर गार.

"पापा, ये तो चीटिंग करता है!"

चीटिंग? अगं, ह्याला खेळ म्हणतात!

धारला सासऱ्यांच्या घराच्या तळमजल्यावर भैयासाहेबांचं असंच दुकान होतं. गेल्या वर्षी त्यांनी ते बंद केलं, आणि किलेवाल्याचं ते कपाटाएवढं मशीन मी देवासला आणलं. त्याच्या पोटात एक बॅटरी आहे, तिच्यावर जुने विक्रम टिकून असतात. सगळ्यात वर एकच नाव होतं: ए ए ए. नऊ लाख सत्याऐंशी हजार! मी वर्षभर झटलो, अंगठ्याला घट्टा पडला, पण दर वेळी त्याच्या खालीच. कोण होता हा ए ए ए? नुसता राग राग व्हायचा माझा!

आमच्या कारखान्यात शेजारच्या मशीनवर अजेय अनंत आगाशे असतो. एकदा डबा खाताना मी त्याला हे सांगितलं. तो एकदम ताठ झाला.

"अरे भिया, ए ए ए म्हणजे मीच ना! अजेय अनंत आगाशे! धारला माझं आजोळ. रोज दुपारी जेवलो की भैयासाहेबांच्या दुकानात."

"तू? तुला पाना धरता येत नाही नीट!"

"जलो मत, भिया! तोडून दाखव माझा रेकॉर्ड."

"दसऱ्याच्या संध्याकाळी तोडतो! नाही तोडला तर अर्धी मिशी उतरवीन!"

"आणि तोडलास तर मी माझी!"

माझी मिशी बावीस वर्षांची आहे. लग्नातल्या फोटोत नवरीच्या आधी ती दिसते.

खंडेनवमीचा सबंध दिवस सरावासाठी राखून ठेवला होता. पण सकाळीच धारहून सासरे जगदेवराव, म्हणजे आमचे आबासाहेब, आणि सासूबाई बकुळाबाई आले. आबासाहेबांच्या घराण्याची तलवार आहे, तिची पूजा यंदा आमच्याकडे मांडायची ठरली होती. आणि इथे मला काय दुर्बुद्धी सुचली बघा!

"आबासाहेब," मी म्हणालो, "कारखान्यात आम्ही मशीनलाही हार घालतो. ह्या आमच्या मशीनचीही होऊन जाऊ द्या पूजा!"

त्यांनी हौसेने केली. हळदकुंकू, फुलं, वर पंचामृत. आरती झाल्यावर मी बाही सरसावून दांड्याला हात घातला, तोच ते गरजले.

"जावईराव! पूजलेलं शस्त्र उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत उचलत नाहीत!"

"अहो, पण माझी मिशी..."

"मिशीचा इथे काय संबंध?"

मी अवंतीकडे पाहिलं. स्वतःची बायको, पण ती सोयीस्करपणे प्रसाद वाटायला लागली! अख्खा दिवस मी हार घातलेल्या मशीनसमोर हात चोळत बसलो.

दसऱ्याला सोनं वाटून अजेय आला. खिशात कात्री! आल्या आल्या त्याने भैयासाहेबांच्या दुकानातल्या दुपारच्या विक्रमाची गोष्ट सगळ्यांना ऐकवली. मी खेळायला बसलो. पहिला बुरुज, दुसरा, पाचवा... नऊ लाख साठ हजार! आणि ऐन राक्षसासमोर उडीचं बटण रुतलं. वरच येईना! पंचामृतात कालवलेलं हळदकुंकू आत वाळलं होतं. माझा शिपाई कठड्यावर ढिम्म उभा, आणि राक्षसाने त्याचा शेवटचा जीव एका घासात गिळला.

"हा धार्मिक अन्याय आहे!" मी ओरडलो.

"मिशी, भिया," अजेय म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, केसातला आकडा काढून बटणाच्या कडेने फिरवला, पदराने पुसलं आणि स्टुलावर बसल्या.

"जावईराव, तिथे उडी आधी मारायची असते. गोळी मग."

आणि त्या खेळू लागल्या. बांगड्या वाजत होत्या, राक्षस पडत होता, आणि आम्ही सगळे तोंड उघडं टाकून उभे! नऊ लाख नव्वद हजार!

"आईसाहेब, तुम्ही?"

"भैयासाहेब दुकानाला कुलूप लावून जेवायला जायचे, किल्ली माझ्याकडे ठेवायचे. हे वर झोपलेले असायचे. नाव घालायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. आपोआप ए ए ए उमटायचं. बरंच होतं, कोणाला कळलं नाही." मग त्या अजेयकडे वळल्या. "आणि बाळा, दुपारी तू कुठून आत यायचास रे?"

अजेयने खिशातली कात्री आणखी खोल ढकलली.

आबासाहेब लालबुंद झाले होते. मला वाटलं, आता तलवार निघते.

"आम्ही झोपलेलो असताना? इतकी वर्षं?" ते म्हणाले. "आणि नाव नाही घातलंत? जावईराव, शिकवा त्यांना! घराण्याचा पराक्रम बेवारस राहतो म्हणजे काय!"

मी दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं. त्यांनी सावकाश तीन अक्षरं लावली: बी ए के. मग कितीतरी वेळ त्या नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. मला खरंच भरून आलं. पण ते फार टिकलं नाही, कारण विक्रम मी तोडला नव्हता आणि अजेयचा तो कधी नव्हताच. आबासाहेबांनी निवाडा दिला: दोघांचीही अर्धी!

आता आमच्या कारखान्याच्या गेटवर चेहरा बघून हजेरी घेणारं मशीन आहे. माझी डावी मिशी शिल्लक, अजेयची उजवी. ते दोघांनाही ओळखेना! मी तावातावाने भांडलो, तेव्हा गार्ड शांतपणे म्हणाला, "भियाजी, दोनों गाल से गाल सटाके खड़े हो जाओ. एक की तो लग ही जाएगी!"

आणि सांगायला लाज वाटते, पण आम्ही उभे राहून बघितलं. अजेयची हजेरी लागली!