डिस्चार्ज : हो

"पण तू दिवसभर नक्की करतोस तरी काय?" बायकोने विचारलं.

"माहितीबद्दलची माहिती गोळा करतो."

"म्हणजे चुगल्या?"

नवऱ्याने डबा उचलला आणि तो कामाला निघाला. ऑफिसात त्याला सगळे माहितीवाला म्हणत, पण नक्की कसली माहिती, हे तिथेही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

तो ज्या संस्थेत होता तिची शहरभर रुग्णालयं होती. प्रत्येकाने आपापल्या सोयीने कॉम्प्युटर घेतले होते आणि त्यांत आपापल्या सोयीने रकाने पाडले होते. 'वजन' या रकान्यात एका ठिकाणी पेशंटचं वजन किलोत असे, बाळंतपणाच्या विभागात बाळाचं ग्रॅममध्ये, आणि मुख्य स्वयंपाकघरात बटाट्यांचं. या सगळ्या रकान्यांचा मिळून एक कोश करायचा होता. कुठला रकाना कुठे आहे, त्याचा अर्थ काय, तो भरतं कोण, हे सगळं एका जागी. त्याचं नाव मेटाडेटा रिपॉझिटरी. हे नाव उच्चारलं की मीटिंगमध्ये जो तो चहा मागवू लागे.

सुरुवातीला माहितीवाला प्रत्येक विभागात जाऊन अर्थ विचारायचा. पण दोन विभागांचा एक अर्थ कधी निघाला नाही, आणि दरवेळी आपलं काम निम्मं व्हायच्या ऐवजी दुप्पट होतंय, हे त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा निरोप आला. सोमवारी सगळ्या विभागप्रमुखांसमोर काहीतरी चालतं-बोलतं दाखवा. बाहेरून एक तज्ज्ञही येणार आहेत.

मग माहितीवाल्याने कॉम्प्युटरला सांगून टाकलं की नाव सारखं दिसलं की अर्थ सारखा समज. 'डिस्चार्ज : हो किंवा नाही' हा रकाना तर प्रत्येक रुग्णालयात सापडला, त्यामुळे त्याला भरून आलं. त्याने ते सगळे रकाने जोडले आणि पुढची साखळीही लावून दिली. 'डिस्चार्ज : हो' दिसलं की खाट रिकामी, स्वयंपाकघरात जेवण बंद, घरच्यांना मेसेज, दारावर पास. सगळं आपोआप.

सोमवारी सकाळी ते खरंच आपोआप झालं.

"अरे, बाबांना घरी सोडलंय!" बायकोचा फोन आला. तिचे बाबा कान-नाक-घशाच्या वॉर्डात दाखल होते. कान वाहत होता, इंजेक्शनं चालू होती. "मेसेज आलाय. आमची सेवा कशी वाटली, तारे द्या म्हणतायत. पण डॉक्टर तर म्हणाले होते, अजून ठेवावं लागेल!"

माहितीवाल्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. डिस्चार्ज : हो. "बरोबर आहे. बरे झाले असतील."

"मग आहेत कुठे? मी केव्हाची घराच्या दारात उभी आहे."

त्याने वॉर्डात फोन लावला. सिस्टरचा आवाज टिपेला गेला होता.

"इथले सगळे घरी गेलेत!"

"सगळे? अरे वा."

"अहो, वा काय? माझ्या समोर बसलेत! कॉम्प्युटरवर गेलेत. नाश्ता आला नाही, आणि त्यांच्या खाटांवर नवीन पेशंट पाठवलेत. तुम्ही आधी इथे या."

तो धावत वॉर्डात पोचला तेव्हा जवळजवळ प्रत्येक खाटेवर एक माणूस बसला होता आणि त्याच्याशेजारी एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. बसलेल्यांच्या कानांत कापूस, त्यामुळे उभे असलेले ओरडून बोलत होते आणि बसलेले त्याहून ओरडून "काय?" म्हणत होते. दारावर वेगळंच चाललं होतं. एक बाई पहारेकऱ्याशी भांडत होत्या.

"डॉक्टरांनी सांगितलं, डिस्चार्ज नाही, तेव्हा घरी जा."

"बाई, डिस्चार्ज नाही तर घरी कसं जाल?"

"डिस्चार्ज नाही म्हणूनच जातेय ना!"

"डिस्चार्ज झाल्यावर या."

"झाल्यावर येईनच की! परत इथेच यावं लागेल!"

माहितीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. दोघांचंही त्याला पटत होतं. मग त्याने सिस्टरला हळूच विचारलं, "तुमच्या वॉर्डात डिस्चार्ज म्हणजे काय?"

सिस्टरने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याला आपलाच ताप तपासून घ्यावासा वाटला. "कानातून येतो तो. पाणी, पू. कान वाहत असला की 'हो' लिहितो, कोरडा असला की 'नाही'."

माहितीवाल्याला आता उलगडा झाला. वाहत्या कानाची माणसं त्याने घरी पाठवली होती आणि बऱ्या झालेल्यांना कोंडून ठेवलं होतं. सिस्टरच्याच कॉम्प्युटरवर बसून त्याने तो रकाना साखळीतून सोडवला. बाईंचा पास निघाला. नवीन पेशंटांना दुसऱ्या वॉर्डात नेलं गेलं. नाश्ता येतोय असं स्वयंपाकघरातून कळलं. फक्त एक खाट रिकामी राहिली. सासऱ्यांची.

"त्यांना पास मिळाला तसे ते कपडे बदलून निघाले," सिस्टर म्हणाल्या. "मी हाका मारल्या. ऐकू येईल तर ना!"

जिन्यात नाहीत, औषधांच्या दुकानापाशी नाहीत, फाटकावर नाहीत. बायकोचे फोन थांबत नव्हते. वाहत्या कानाचा, ऐकू न येणारा, उपाशी म्हातारा माणूस रस्त्यावर निघालाय, आणि त्याला बाहेर काढणारा आपणच, हे माहितीवाल्याला दिसत होतं. आता साहेबांना सगळं सांगायचं आणि माणसं शोधायला पाठवायची, असं ठरवून तो वर सभागृहाकडे पळाला.

दार उघडंच होतं. विभागप्रमुख गोल बसले होते. साहेबांच्या शेजारी, तज्ज्ञांसाठी राखलेल्या खुर्चीत कोट घातलेले सासरे चहात बिस्किट बुडवत होते. बाहेर पडायची वाट शोधताना त्यांना चहाचा वास आला असावा.

"आपल्याकडे रोज इतके पेशंट येतात, सर," साहेब त्यांना अदबीने सांगत होते.

"कोण?" सासरे म्हणाले.

"पेशंट."

"म्हणजे कोण?"

साहेब अडखळले. "म्हणजे... जो दाखल होतो, तो."

"नाही हं साहेब," एक विभागप्रमुख म्हणाले, "तपासून लगेच घरी जातो, तोही पेशंटच."

"आमच्याकडे तर नुसती बाटली येते," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या.

"काय म्हणता?" सासऱ्यांनी कानामागे हात धरला.

सगळे ओशाळले. जो तो वहीत काहीतरी लिहू लागला.

साहेबांना दारात माहितीवाला दिसला. "या, या! शिका यांच्याकडून. इतकी वर्षं आपण एकमेकांना हा प्रश्न विचारला नाही!"

"साहेब, एक सांगायचंय. हे आपले..."

"हळू. विचार करतायत ते."

सासरे बुडलेलं बिस्किट चमच्याने शोधत होते.

माहितीवाल्याने डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "साहेब, हे माझे सासरे. हे पेशंट आहेत."

साहेबांनी चष्मा वर केला. "कुठल्या अर्थाने?"

मग त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. आता नोकरी गेली, असं धरूनच तो बोलला. पण खरे तज्ज्ञ येत नसल्याचा निरोप तोवर आला होता, आणि निम्मी सभा अजून पेशंट म्हणजे कोण यावर भांडत होती.  साहेबांनी सासऱ्यांना स्वतः वॉर्डात पोचवलं आणि माहितीवाल्याला पुन्हा सगळे विभाग फिरून अर्थ विचारायला लावलं. शब्दांचे अर्थ ठरवायला एक समिती नेमली. तिच्या पहिल्या बैठकीला बरे झाल्यावर सासऱ्यांनी आवर्जून यावं, अशी विनंतीही केली.

"माझ्या बाबांना हॉस्पिटलातून हाकललंस आणि वर त्यांना कामाला लावलंस?" बायको म्हणाली. तीन दिवस ती त्याच्याशी फक्त मुलीमार्फत बोलली.

सासऱ्यांचा कान पुरता बरा झाला. कापूस निघाला, टाचणी पडली तरी ऐकू येऊ लागली. ते ठरल्या दिवशी कोट घालून समितीच्या बैठकीला गेले आणि पार संध्याकाळी बाहेर आले. माहितीवाला जिन्यापाशी वाट पाहत होता.

"कशी झाली मीटिंग, बाबा?"

"जावईबापू, त्या दिवशी मला वाटलं, ऐकू येत नाही म्हणून कळत नाहीये," सासरे म्हणाले. "आज शब्दन् शब्द ऐकला."

"मग?"

"काही कळलं नाही."

"मग विचारलं नाहीत?"

"छे. सगळे माना डोलावत होते. मीही डोलावली."