मोहरीच्या बारा उशा

त्या रविवारी आम्ही दोघं गच्चीवरच्या उन्हात मोहरी भरत बसलो होतो. कुसुम, म्हणजे माझी बायको, टीचभर पिशव्या शिवत होती. मी पिशवीचं तोंड उघडं धरायचं, तिने मोहरी ओतायची आणि टाके घालायचे. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात ना, तशाच उशा. पण बाळासाठी नव्हेत. कॉम्प्युटरचा माउस चालवणाऱ्या पोरापोरींच्या मनगटांसाठी. अकरा झाल्या. बारावीत मोहरी भरली आणि ऊन गेलं. "राहू दे, उद्या तोंड शिवते," म्हणाली आणि सुई तिथेच खोचली.

सरळ सांगतो, बाईला मनगटांचं वेड होतं.

ती दिल्लीत सरकारी ऑफिसात टायपिस्ट. सरोजिनी नगरचं क्वार्टर तिच्या नावावर, दारावरची पाटीही तिची. मी सातवी पास, फरीदाबादच्या कारखान्यात लेथ मशीनवर. दोघंही रिटायर झालो आणि फरीदाबादेत नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे दर चौथ्या दुकानावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती. आमच्या बिल्डिंगखालच्या क्लासात हिला टायपिंग शिकवायला ठेवली. ही शिकवायची मनगट.

"कलाई सीधी. हिलाना कोहनी से. माउस को पका टमाटर समझो, दबाना मत." उशीवर हात टेकायचा तो थांबल्यावर, माउस हलवताना नाही. खुर्ची बुटकी असली तर खाली दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, म्हणजे कोपर टेबलाच्या उंचीला येतं. कुणी मनगट वाकडं केलं की ठरलेला सवाल, "कलाई किराये की है क्या?"

वर आणखी एक नियम. सोमवार, बुधवार, शुक्रवार माउस उजव्या हाताला, बाकीचे दिवस डाव्या. क्लासचे मालक अरोराजी घाबरले. "मैडम, उल्टे हाथ से काम? लक्ष्मी नाराज़ हो जाएगी."

"लक्ष्मीजी के चार हाथ हैं, अरोराजी. बदल-बदलकर चलाती हैं, तभी तो आज तक थकी नहीं."

अरोराजींनी नाद सोडला. बाईशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही, ते काय जिंकणार?

बँकेत गेलो की माझी मान खाली. खिडकीत हात घालून ही क्लार्कचा माउस जवळ ओढायची. "बेटा, इतना दूर क्यों रखा है? झगड़ा हुआ है क्या?" मागची रांग बोंबलायची. पुढच्या वेळी तोच पोरगा आम्हाला बघून आधी माउस जवळ घेई, मग राम राम करी. मराठी मंडळाच्या गणपतीत तर कहर. अध्यक्ष डोळे मिटून आरती ओवाळतायत आणि ही पहिल्या रांगेतून, "अहो, कोपरापासून! मनगट भाड्याचं आहे का?" त्यांनी डोळे उघडले आणि खरंच कोपरापासून ओवाळलं. आरती मात्र हसण्यातच संपली.

मला राग एकाच गोष्टीचा. आमच्या घरात चहाचा कप नव्हता.

झालं असं, की कारखान्यातल्या शेवटच्या वर्षांत माझ्या हातून कप पडायचे. मनगटात कळ यायची आणि बोटं सुटायची. मी शिव्या कपालाच घालायचो, "कान गुळगुळीत करून ठेवलेत साल्यांनी!" ती विचारायची, "हात दुखतो का हो?" मी म्हणायचो, "छट्." सांगितलं असतं तर तिने लेथ सोडायला लावलं असतं. लेथशिवाय मला येत काय होतं? एक दिवस तिने सगळे कप मोलकरणीला देऊन टाकले आणि स्टीलचे पेले आणले. "कपांचा कंटाळा आला." आता स्टीलच्या पेल्यात चहा म्हणजे हात पोळणार. फडकं घेऊन दोन्ही हातांनी धरावा लागतो. दहा-बारा वर्षं मी त्या पेल्यांवरून भांडलो. मनगटाचं मात्र तिला कळू दिलं नाही, याची मला ऐट होती.

उशा भरल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, मटार सोलता सोलता तिने मान टाकली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी सिम्मी आली. हिची क्लासातली जुनी विद्यार्थिनी, आता गुडगावला नोकरीला. रडून झालं, मी चहा दिला. तिने ओढणीत पेला धरला, दोन्ही हातांनी, आणि एकदम थांबली.

"अंकल, ये वही गिलास हैं ना?"

"कौन-से वही?"

"मैडम हर बैच को पहले दिन सुनाती थीं. हमारे इनके हाथ से कप छूटते थे और ये कप को गाली देते थे. पूछो तो मुकर जाते. तो मैं ऐसे गिलास ले आई कि दोनों हाथ लगाने पड़ें." सिम्मीने नाक पुसलं. "फिर कहती थीं, उनकी कलाई तो मैं बचा नहीं पाई. तुम्हारी नहीं जाने दूँगी."

मी म्हटलं, "चाय ठंडी हो रही है, पी ले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारावी उशी घेऊन गच्चीवर गेलो. सुई होती तिथेच होती. लोखंड कापलेला हात माझा, कापडाला काय सरळ टाका घालणार! दहा टाके घालायचे, हात मांडीवर टेकवायचा, कळ ओसरली की पुढचे दहा. घाई केली नाही. तोंड शिवून झालं, वाकडं झालं, पण मोहरी सांडत नव्हती.

मग बाराही घेऊन खाली क्लासात गेलो. अरोराजी नुकतेच शटर उचलत होते. मंगळवार होता. मी बारा टेबलांवरचे बारा माउस डावीकडे सरकवले आणि एकेकापुढे उशी ठेवत गेलो.