नानांचं हेलिकॉप्टर

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आमच्या चाळीत हेलिकॉप्टर विकत घ्यायच्या विचारात असलेला माणूस एकच: माझे शेजारी आत्माराम नाना. ते लूमच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे आणि सायकलवरून घरी यायचे. सायकलला मागचा ब्रेक नव्हता.

नाना खानदेशातल्या शहाद्याकडचे, मी अकोल्याचा. मी राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "भाऊ, एका इंजिनाचं बरं की दोन?"

मला वाटलं, पाण्याच्या मोटरीचं चाललंय. म्हटलं, "एक पुरे."

"आणि वर गेल्यावर बंद पडलं तर?"

किंमत ते कधीच विचारत नसत. "ते शेवटी पाहू." आधीचे प्रश्नच संपत नव्हते. नवं घ्यावं की वापरलेलं? वापरलेलं असेल तर किती तास उडालंय ते कागदावर बघायचं, रंगाला भुलायचं नाही. सुटे भाग सुरतेत मिळतील का? पायलट जेवेल कुठे? ठेवायची जागा त्यांनी हेरली होती, चाळीमागचं मैदान. तिथल्या कपड्यांच्या दोऱ्या काढाव्या लागतील, म्हणून घरोघरी जाऊन बायकांना विचारूनही आले. "इचार करीसन लेवानं," म्हणजे विचार करूनच घ्यायचं, हे त्यांचं पालुपद. कारखान्यात त्यांना सगळे 'पायलट' म्हणत. मीही हसायचो.

मागच्या हिवाळ्यात सुरतेतल्या कतारगामला एका हिरेवाल्याच्या लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरने येणार असं कळलं. नाना मला ओढूनच घेऊन गेले. वरात पुढे सरकल्यावर त्यांनी पायलटला गाठलं. तोही मजेत उत्तरं देत होता. मग नानांनी विचारलं, "साब, इसमें आदमी सोके जा सकता है? कमर को धक्का लगेगा क्या?"

पायलटचं हसू गेलं. "पेशंट है?"

"घरवाली."

"पीछे की सीट निकालके स्ट्रेचर आ जाता है, काका."

परतताना बसमध्ये नानांनी सगळं सांगितलं. त्यांच्या बायको सिंधूताई कधी बाहेर दिसत नाहीत, त्याअर्थी तुसड्या असाव्यात, असा माझा समज होता. तीन वर्षांपूर्वी त्या जिन्यावरून पडल्या, तेव्हापासून अंथरुणावरच होत्या. रस्त्याचा प्रवास डॉक्टरांनी बंद केलेला. गावी त्यांची आई. तिला ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही.

"म्हातारी म्हणते, माझी लेक गेली, तुम्ही लपवताय," नाना म्हणाले. "हात लावून पाहिल्याशिवाय तिला पटायचं नाही."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून सिंधूताईंचा आवाज आला, "शाळेच्या मैदानात उतरवा. आधी पाणी मारायला सांगा. मायच्या डोळ्यांत धूळ जाईल."

चैत्रात म्हातारी गेली. नाना एकटेच एसटीने जाऊन तिसऱ्या दिवशी परतले. त्यानंतर हेलिकॉप्टरचा विषय त्यांनी काढला नाही. कारखान्यातल्यांनीही 'पायलट' म्हणणं सोडलं.

एका रविवारी नाना भाजी आणायला गेले असताना सिंधूताईंनी मला आत बोलावलं. पडल्या पडल्याच म्हणाल्या, "भाऊ, त्यांना हेलिकॉप्टरचं काहीतरी विचारा ना."

मी अंथरुणाशेजारी बसलो.

"घेता येणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण रोज काहीतरी नवीन विचारून यायचे. येऊन इथं बसायचे, सांगायचे. आता येतात आणि भिंतीकडे तोंड करून निजतात."

नाना पिशवी घेऊन आले तेव्हा मी दारातच उभा होतो. आत ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "नाना, सातपुड्याच्या बाजूनं जायचं तर सकाळी निघालेलं बरं की दुपारी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसले.

"वारा पाहावा लागतो," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.